लो केलेली पोलो आणि उद्यमनगरातलं सस्पेन्शनचं काम : सव्वा वर्षानंतरचा रिव्ह्यू

गाडी २०१५ ची पोलो, दीड लिटर डिझेल, मॅन्युअल, गाव कोल्हापूर. हा रिव्ह्यू गाडीचा नाही, तिच्या सस्पेन्शनवर झालेल्या कामाचा आहे. शिवाजी उद्यमनगरात एक छोटं वर्कशॉप आहे, दोन पिट, एक लेथ, मागे पत्र्याचं फॅब्रिकेशन, बोर्डसुद्धा नीट दिसत नाही, तिथे मी मागच्या वर्षी गाडी नेली ती जमिनीला घासून घासून वैतागलो होतो म्हणून. आता सव्वा वर्ष आणि एकवीस हजार किलोमीटर झालेत म्हणून लिहितोय, कारण सस्पेन्शनचं काम पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच भारी वाटतं, खरं काय ते एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम गेल्यावर कळतं.

आधी काय झालं होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर कामाची किंमत कळणार नाही. मला गाडी खाली बसलेली आवडते, टायर आणि फेंडर (चाकावरची पत्र्याची कमान) यांच्यामधली ती मोकळी जागा बघवत नाही, हे मनापासूनचं वेड आहे आणि मला त्याची लाज नाही. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये (नाव घेत नाही) अठराशे रुपयांत चारही स्प्रिंगा कापून घेतल्या. पुढच्या दीड वेढा, मागच्या एक वेढा, ग्राइंडर लावला आणि दोन तासांत गाडी हातात. दिसायला अशी दिसत होती की नाद खुळा. टेप लावला तर सायलेन्सरच्या फ्लँजखाली (पाइपचा बोल्टचा जोड, गाडीचा सगळ्यात खालचा भाग) मी एकटा बसलेला असताना १०५ मिमी, आणि चौघं बसले की ७८. मूळ गाडीला हा आकडा १६५ च्या आसपास असतो.

पहिले चार महिने मी फक्त स्पीडब्रेकर बघून गाडी चालवली. म्हणजे रस्त्याकडे, माणसांकडे लक्षच नाही, नजर पुढच्या पन्नास फुटांवर. आईला आणि मावशीला घेऊन जोतिबाला निघालो की वाटेत प्रत्येक गावाच्या तोंडाला गाडी थांबवायची, मागच्या दोघींनी उतरायचं, मी गाडी तिरकी करून पार करायची, मग त्यांनी पुढे चालत येऊन परत बसायचं. आईचे गुडघे दुखतात. तिसऱ्या वेळी ती काही बोलली नाही, फक्त "तू जा, मी चालते थोडी" म्हणाली. ते वाक्य मला फार लागलं. आणि मग एका रात्री गगनबावड्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, दगड दिसला नाही, खालून धाडकन आवाज आला आणि दोन मिनिटांत ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिन तिथेच बंद केलं म्हणून वाचलं, चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, ड्रेन नटाजवळ (ऑइल काढायचा नट) फुटला होता. टोईंग, नवीन चेंबर, ऑइल, फिल्टर मिळून अकरा हजार गेले. एक सांगतो, लाल दिवा लागल्यावर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार करू नका, इंजिन जिथे आहे तिथेच बंद करा, चेंबर अकरा हजारात येतो, इंजिन येत नाही.

मधे एक प्रयोग केला तोही सांगतो कारण खूप जण विचारतात. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे ते रबराचे बफर मिळतात, पारदर्शक गोल कड्यासारखे, ते पुढच्या स्प्रिंगांत घातले. गाडी एक सेंटीमीटर उचलली हे खरं आहे. पण बफर ज्या वेढ्यात बसतो तो वेढा कामच करत नाही, म्हणजे आधीच कापून लहान झालेल्या स्प्रिंगचा अजून एक भाग बाद. खडी रस्त्यावर स्टेअरिंग हातात थरथरायचं आणि पावसाळ्यात चिखल जाऊन डावा बफर सरकला. दोन महिन्यांत काढून टाकले. कंपनीच्या पूर्ण लांबीच्या स्प्रिंगा थोड्या बसल्या असतील तर तात्पुरतं चालेल कदाचित, कापलेल्या स्प्रिंगांवर अजिबात नको.

तर आता वर्कशॉप. तिथल्या मोठ्या मिस्त्रींकडे गेलो तेव्हा मी त्यांना म्हणालो, दादा गाडी घासते, थोडी उचलून द्या. त्यांनी गाडीखाली न वाकता पहिलं विचारलं, "मागं कोण बसतं रोज?" मला वाटलं इकडचं तिकडचं बोलतायत. पण मुद्दा तोच होता. मग त्यांनी पोरांना मागच्या सीटवर बसवलं, दोघांना, आणि चारही चाकांवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं, आधी रिकामी गाडी, मग भरलेली. जमिनीपासून का नाही मोजत विचारलं तर म्हणाले टायरची हवा, टायरची झीज, खालचा फरशीचा उतार सगळं त्या आकड्यात मिसळतं, चाकाच्या मध्यापासून मोजलं की फक्त स्प्रिंग काय करते तेवढंच कळतं. मी इतकी वर्षं जमिनीपासून टेप लावत होतो. ही एक गोष्ट त्या दिवशी शिकलो आणि आता दर दोन महिन्यांनी घरी मोजतो.

नंतर गाडी जॅकवर घेतली आणि मला पुढचा शॉकअप दाखवला. चाक लोंबतं सोडल्यावर स्प्रिंग कपात (शॉकअपवरची तिची बैठक) सैल झाली होती, हाताने फिरत होती. कापलेल्या स्प्रिंगचं हेच आहे, टोकाचा सपाट वेढा जातो, ती कपात नीट बसत नाही, आणि लांबी कमी झाल्याने चाक खड्ड्यात पूर्ण खाली गेलं की स्प्रिंगवर दाबच राहत नाही, ती जागेवरून सरकू शकते. हे बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण ह्याच गाडीत मी सगळ्या घराला घेऊन घाट उतरलो होतो. दुसरं त्यांनी बंप स्टॉप दाखवला, शॉकअपच्या दांड्यावरचं ते रबर, चेपून चेपून अर्धं झालेलं. म्हणजे गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, रबरावर आपटत चालली होती, आणि त्यात शॉकअप कधीच गेले होते.

इथून त्यांचं म्हणणं मला पटत गेलं आणि गेलं वर्षभर मी तेच सगळ्यांना सांगतोय. गाडी उभी असताना खाली किती मिमी आहे हा अर्धाच हिशोब आहे. बाकीचा अर्धा म्हणजे चौघं बसल्यावर किती दबते, ब्रेक मारल्यावर नाक किती खाली जातं, आणि खड्ड्यातून उसळून परत खाली येताना शॉकअप तिला धरतो की नाही. ढिले शॉकअप असलेली १६५ ची गाडीसुद्धा घासू शकते, आणि नीट धरलेली १५० ची गाडी निघून जाते. माझी गाडी स्पीडब्रेकर चढताना घासायचीच नाही, उतरल्यावर दुसऱ्या हेलकाव्याला घासायची, हे त्यांनी विचारल्यावर मला आठवलं.

मला ४० मिमी लो ठेवायची होती. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाले जिल्ह्यात फिरणार, ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर जाणार, मागे आई बसणार, तर २५ च्या पुढे मी करून देत नाही, दुसरीकडे जा. त्या वेळी राग आला खरा. पैसे माझे, गाडी माझी. पण दोन दिवस विचार केला आणि परत गेलो.

केलेलं काम असं. कमी उंचीसाठीच बनवलेल्या चार स्प्रिंगांचा सेट, मूळ उंचीपेक्षा २५ मिमी खाली बसणारा आणि मूळपेक्षा थोडा कडक, १९,५०० रुपये. चार नवीन गॅसचे शॉकअप १६,८०० ला. वरचे माउंट आणि बेअरिंग ३,६०० ला, हे मी वगळायला सांगत होतो पण जुनं माउंट हातात घेतल्यावर रबर सुटलेलं दिसलं. बंप स्टॉप नवीन टाकून गाडी जेवढी खाली गेली त्या हिशोबाने किंचित छाटले. चेंबरखाली लोखंडी स्किड प्लेट तिथेच बनवून ४,५०० ला, मजुरी ६,००० आणि बाहेरून अलाइनमेंट ९००. बेरीज ५१,३००. अठराशे रुपयांच्या कामानंतर हा आकडा ऐकायला जड जातो, पण अकरा हजाराचा चेंबर आणि चौदा हजार किलोमीटरला आतून खाऊन गेलेले पुढचे दोन टायर धरले तर स्वस्त काम स्वस्त नव्हतंच. गाडी खाली गेली की चाकांची टो (वरून बघताना चाकं किती सरळ आहेत ते) बिघडते आणि कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आत झुकतो, अलाइनमेंट केली नाही तर टायर आतल्या कडेने जातो आणि बाहेरून बघणाऱ्याला चकाचक दिसत राहतो. माझ्या टायरची तार दिसायला लागली होती आणि मला पत्ताच नव्हता.

टायर तसेही बदलायचे होते, तर १८५/६० आर १५ च्या ऐवजी १८५/६५ आर १५ टाकले. हिशोब सोपा आहे, १८५ ही टायरची रुंदी मिमीमध्ये आणि ६० किंवा ६५ म्हणजे साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) त्या रुंदीच्या किती टक्के, तर साइडवॉल १११ मिमीची १२०.२५ होते, म्हणजे गाडी जमिनीपासून नऊ मिमी वर येते, सस्पेन्शनला हात न लावता. स्पीडोमीटर मात्र तीन टक्के कमी दाखवतो, काटा १०० वर असेल तर गाडी आधीपेक्षा तीनने जास्त पळत असते, हायवेला कॅमेरे आहेत तिथे लक्षात ठेवावं लागतं. फेंडरच्या आत कुठे लागत नाही, स्टेअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरून दोन्ही करून बघितलं.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेलं काम फुकटातलं आहे. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो ती रबरं आठ-नऊ वर्षांत लांबून ढिली पडली होती आणि पाइप बारा मिमी खाली आला होता. तीन रबरं बदलली, साडेतीनशे रुपये, ते बिलात धरलेच नाहीत. फ्लँजचे बोल्ट खाली तोंड करून लांब बाहेर आले होते, आधी तेच घासायचे, ते उलटे फिरवून जादाची लांबी कापली. तुमची गाडी घासत असेल तर कुठेही पैसे खर्च करायच्या आधी पिटवर जाऊन नक्की कुठला भाग घासतोय ते बघा. चमकणारं लोखंड सांगतं. बऱ्याचदा खालचा प्लास्टिकचा पडदा क्लिप तुटून लोंबत असतो आणि आपण गाडीची उंची बदलायला निघतो.

आता मी एकटा असताना १४९ आणि चौघं बसून १३० मिमी मिळतात. रोजच्या वापरात ह्याचा अर्थ काय ते सांगतो. स्पीडब्रेकर कसा असावा ह्याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा. पोलोच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या थोडं आत, म्हणजे दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली तो फक्त साडेचार सेंटीमीटर वर येतो. असा ब्रेकर माझी कापलेल्या स्प्रिंगांची गाडीसुद्धा आरामात पार करायची, मानकाप्रमाणे बांधलेल्या ब्रेकरने लो गाडीवाल्याला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो गावकऱ्यांनी एका रात्रीत डांबराचे किंवा काँक्रीटचे टाकलेल्या ब्रेकरचा. आमच्याकडे एका गावाच्या कमानीजवळचा मी उतरून मोजला, दीड फूट रुंद आणि १४ सेंटीमीटर उंच. तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांच्या मध्ये मावतो, त्यामुळे तिथे पोटाखाली सगळे १४ सेंटीमीटर लागतात. गावातल्यांना दोष देत नाही, पोरं शाळेतून येतात, डंपर भरधाव जातात, त्यांनी काय करायचं. पण तोच ब्रेकर रुंद आणि गोल बांधला तर डंपरही हळू होईल आणि रुग्णवाहिकेतला पेशंटही उडणार नाही.

त्या कमानीजवळ अजूनही चौघं असतील तर तिरकं जावं लागतं. तिरकं म्हणजे एकेक चाक चढलं पाहिजे, आणि मागून येणाऱ्या बाइकवाल्याला आधी जाऊ द्या, तो डावीकडून घुसतोच. आणि ब्रेक ब्रेकरच्या आधी मारून सोडून द्यायचा, ब्रेक दाबलेला ठेवून चढलात तर नाक दोन सेंटीमीटर खाली असताना चढता, ते दोन सेंटीमीटरच तुम्हाला हवे असतात.

उसाच्या हंगामाची मला सगळ्यात जास्त भीती होती. नोव्हेंबरपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागल्या की शेतातल्या आणि आतल्या रस्त्यांवर चाकोऱ्या पडतात, मधे उंचवटा राहतो, त्यावर दगड आणि पाचट. चाकं चाकोरीत घातली की पोट त्या उंचवट्यावर. मागच्या हंगामात शिरोळकडे पाव्हण्यांच्या शेतावर दोनदा गेलो, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून, दोन्ही वेळा नीट गेलो, एकदाच स्किड प्लेटवर दगड घासला. प्लेटवर ओरखडा आहे, चेंबर सुरक्षित. प्लेट त्यांनी अडीच मिमी पत्र्याची, चेंबरला चिकटून, पुढून घसरणारी केली आहे, त्यामुळे तिने स्वतः खालची जागा जास्त खाल्ली नाही. बाजारातली तयार प्लेट दोन सेंटीमीटर खाली लटकते, लो गाडीला ती उपयोगाची नाही असं माझं मत झालंय.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. चार दिवस सांगितले आणि नऊ दिवस लागले, रोज फोन करावा लागला, फोन पोरगं उचलायचं आणि "मिस्त्री जेवायला गेल्यात" म्हणायचं. पहिली स्किड प्लेट अठराशे आरपीएमला गुणगुणायची आणि तिचं ड्रेन नटाचं भोक सरकलं होतं, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला प्लेट काढावी लागली असती. परत नेली तर न कुरकुरता दुसरी करून दिली, मधे रबर वॉशर टाकले, पैसे घेतले नाहीत, पण ते पहिल्यांदाच व्हायला हवं होतं. हेडलाइटची सेटिंग केलीच नाही, उंची बदलली की लाइटचा झोत बदलतो, समोरचे डिपर मारायला लागले तेव्हा मी दुसरीकडे करून घेतली. बिल हाताने लिहिलेलं, वॉरंटी तोंडी. ज्यांना एसी वेटिंग रूम आणि मेसेजवर अपडेट पाहिजे त्यांनी इथे जाऊ नये.

कायद्याचंही स्पष्ट लिहितो. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते ठासून सांगितलं. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हाच मुद्दा काढू शकतात. मिस्त्रींनी हे मला काम धरायच्या आधी सांगितलं आणि "कंपनीच्या स्प्रिंगांचा जुना सेट कुठून तरी मिळवून घरी ठेव" म्हणाले, कारण माझ्या मूळ स्प्रिंगा तर कापून गेलेल्या. भंगारातून चांगला सेट २,८०० ला मिळाला, तो तेल लावून माळ्यावर ठेवलाय. पंधरा वर्षांच्या पासिंगला गाडी मूळ उंचीवर न्यायची माझी तयारी आहे.

चालवायला गाडी कशी झाली हे कदाचित पहिल्यांदा लिहायला हवं होतं. कापलेल्या स्प्रिंगांवर ८० च्या पुढे वळणावर भीती वाटायची, आता पुणे हायवेवर खंबाटकीच्या वळणांना गाडी रस्त्याला धरून जाते, आणि छोट्या खड्ड्यांत मूळपेक्षा थोडी कडक आहे पण आपटत नाही. टायर-फेंडरमधली जागा मला हवी होती तेवढी कमी नाही, बाजूने बघताना अजून एक बोट कमी असती तर बरं झालं असतं असं अजून वाटतं. पण चैत्रात यात्रेची गर्दी ओसरल्यावर आईला, मावशीला आणि मावशीच्या सुनेला घेऊन जोतिबाला गेलो, मला धरून चौघं, मागे दुरड्या आणि नारळ, घरापासून वरच्या पार्किंगपर्यंत कोणी उतरलं नाही. वाटेत आईने एका गावाजवळ आपसूक दाराच्या हँडलला हात घातला होता, मी म्हणालो बस, आणि गाडी गेली.

सध्या पुढून डावीकडे खडी रस्त्यावर टकटक यायला लागलीय, लिंक रॉड (सस्पेन्शनमधली जोडदांडी) असणार, पुढच्या महिन्यात तिथेच नेतोय. तेव्हा भरलेल्या गाडीची चारही चाकांची मापं परत घेणार, पहिल्या दिवशीचे आकडे ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत लिहिलेत. मागच्या स्प्रिंगा तीन-चार मिमीपेक्षा जास्त बसल्या असतील तर इथेच आकड्यांसकट लिहीन.